लॉगची एक ओळ

१ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला एक दोष जाहीर केला. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला जवळपास सारे लिनक्स जग ज्या प्रोग्रामवर विसंबते, त्याच्याच दारातून पासवर्ड न देता थेट रूट होऊन आत शिरता येते, असे त्या अहवालात दाखवले होते. सीव्हीई-२०२४-६३८७ हा त्या दोषाचा क्रमांक. बातम्यांत गाजला तो ‘रूट’ हा शब्द. अहवाल शेवटपर्यंत वाचणाऱ्यांना खटकले ते वेगळेच. कूटलेखनाच्या आणि पासवर्ड तपासण्याच्या कोडला धक्काही लागला नव्हता. लॉगिनची मुदत संपली, अशी एक ओळ लॉगमध्ये लिहिताना सारा घोटाळा होत होता.

तो होत होता असा. जोडणी उघडून कोणी नुसताच बसून राहिला, तर १२० सेकंदांनी सर्व्हर त्याला बाहेर काढतो. त्यासाठी अलार्मचा सिग्नल येतो, चालू काम असेल तिथे थांबते आणि सिग्नल हँडलर चालू लागतो. हँडलरने ‘सिसलॉग’ला बोलावले. ‘सिसलॉग’ला ओळीवर वेळ घालायची असते, म्हणून त्याने स्थानिक वेळ विचारली. स्थानिक वेळेसाठी टाइमझोनची फाइल वाचावी लागते, आणि ती पहिल्यांदाच उघडायची असेल तर मेमरी हवी, म्हणजे आले ‘मॅलॉक’. आता सिग्नल आला तेव्हा मूळ कोडही ‘मॅलॉक’ किंवा ‘फ्री’च्या मधोमध असेल, तर हीपच्या याद्या अर्धवट जोडलेल्या आहेत. त्याच याद्यांवर दुसरा हात फिरतो. हल्लेखोराने हा क्षण गाठायचा. क्वालिसला ३२ बिटी डेबियनवर त्यासाठी सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. पत्त्यांचा अंदाज अर्ध्या वेळा चुकतो हे धरून रूट शेल हाती यायला सहा ते आठ तास.

दोष जुनाच होता. २००६ मध्ये तो एकदा सापडून बुजवलाही होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची फेररचना करताना एक ‘इफडेफ’ गळला आणि ८.५पी१ या आवृत्तीपासून तो परत आला, तो ९.८पी१ येईपर्यंत राहिला. ओपनबीएसडी मात्र सुटली. तिथल्या लोकांनी २००१ मध्येच ‘सिसलॉग_आर’ नावाचे, सिग्नल हँडलरमधून निर्धोकपणे बोलावता येईल असे वेगळे फंक्शन करून ठेवले होते, आणि त्यांचा हँडलर तेच वापरत होता.

या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब अशी, की त्या प्रोसेसमध्ये थ्रेड एकच होता. ग्लिबसीचे ‘सिसलॉग’ थ्रेड-सेफ आहे. मॅन्युअलमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे. पण त्याच मॅन्युअलमध्ये प्रत्येक फंक्शनपुढे तीन शेरे असतात: अनेक थ्रेडमधून बोलावले तर काय, सिग्नल हँडलरमधून बोलावले तर काय, आणि बोलावणारा थ्रेड मधेच रद्द झाला तर काय. ‘सिसलॉग’पुढे पहिला शेरा ‘सुरक्षित’ आहे, उरलेले दोन ‘असुरक्षित’. लोक पहिला वाचून पान उलटतात. लॉक एका थ्रेडला दुसऱ्यापासून वाचवतो. थ्रेडला स्वतःपासून वाचवणे त्याच्या हातात नाही. प्रोसेसमध्ये थ्रेड एकच असेल तर ग्लिबसीचे आजचे ‘मॅलॉक’ लॉक घेतही नाही. घेतले असते तरी काय झाले असते? हीप बिघडण्याऐवजी प्रोग्राम स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकला असता.

म्हणून थ्रेड-सेफ लॉगिंगवरच्या या पुस्तकात म्युटेक्सवरचे प्रकरण सर्वांत लहान आहे, याचे वाचकाने नवल करू नये. लॉगिंग फंक्शन इतर फंक्शनांसारखे नाही. कोडच्या कोणत्याही कोपऱ्यातून, कोणत्याही अवस्थेत त्याला बोलावले जाते: हातात चार लॉक असताना, मेमरी संपलेली असताना, डिस्क भरलेली असताना, प्रोग्राम कोसळत असताना. उलट, सगळे बिघडलेले असते तेव्हाच त्याची गरज जास्त. अशा फंक्शनने ओळ लिहिण्यासाठी हीप, टाइमझोन, लोकेल, दुसऱ्याचे लॉक यांच्याकडे उसनवारी करू नये. जितके उसने कमी, तितके अडकण्याचे प्रसंग कमी. पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे. बाकीची पाने त्याच्या तपशिलाची.

तपशील मात्र बराच आहे, कारण सीची स्टँडर्ड लायब्ररी थ्रेडच्या आधीची. सी जन्मली १९७२ च्या सुमारास. पॉझिक्स थ्रेडचे प्रमाणीकरण झाले १९९५ मध्ये. आणि भाषेच्या प्रमाणात थ्रेड व ॲटॉमिक आले ते थेट सी११ मध्ये. मधल्या काळात लिहिलेली फंक्शने आतल्या एकाच स्टॅटिक बफरमध्ये उत्तर ठेवून त्याचा पत्ता परत करत. ‘सीटाइम’, ‘लोकलटाइम’, ‘स्ट्रएरर’ ही सगळी त्या घराण्यातली, आणि लॉगिंगला नेमकी हीच लागतात. ‘सिसलॉग’ही त्याच युगातले, १९८० च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी लिहिलेले. त्याच्या जोडीच्या ‘ओपनलॉग’ला दिलेले प्रोग्रामचे नाव ग्लिबसी उतरवून घेत नाही, नुसता पॉइंटर ठेवते. ते नाव एखाद्या फंक्शनच्या स्थानिक बफरमध्ये असेल, तर फंक्शन संपल्यावर लॉगमध्ये नावाच्या जागी कचरा येतो.

‘प्रिंटएफ’ घराण्याची बाजू त्यामानाने बरी. पॉझिक्सच्या नियमाने ‘स्टडआयओ’चे प्रत्येक फंक्शन त्या फाइलचे लॉक घेऊनच काम करते, त्यामुळे एका कॉलचा मजकूर सहसा एकसंध राहतो. घोळ होतो तो दोन कॉलच्या मध्ये. समजा, कोणी आधी वेळ छापतो, मग जोडणीचा क्रमांक, मग तिचे काय झाले ते, आणि शेवटी नवी ओळ. दोन थ्रेड एकदम आले की लॉगमध्ये असे दिसते:

१०:४२:०७ १०:४२:०७ जोडणी १७ जोडणी १८ सुरू तुटली

कुठली सुरू आणि कुठली तुटली? कॉल चालू असताना कोणाचेही काही चुकले नव्हते. प्रत्येक कॉल थ्रेड-सेफच होता. सुरक्षित तुकडे जोडून सुरक्षित वस्तू तयार होत नाही, हे शिकवायला याहून स्वस्त उदाहरण मला माहीत नाही. लिनक्स कर्नललाही हा त्रास झाला आहे. ‘प्रिंटके’ने अर्धी ओळ छापून उरलेली पुढच्या कॉलमध्ये पुरी करण्याची सवय कर्नलच्या लोकांना फार वर्षे होती आणि अनेक प्रोसेसर आल्यावर या अर्ध्या ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. अखेर २०१६ मध्ये नियम कडक झाला: पुढचा तुकडा मागच्या ओळीला जोडायचा असेल तर तसे स्पष्ट सांगायचे, नाहीतर नवी ओळ सुरू झाली असे धरले जाईल.

यावर मला पटलेला उपाय अगदी साधा आहे. स्टॅकवर एक ठरावीक मापाचा बफर घ्यायचा. वेळ, थ्रेडचा क्रमांक, पातळी, मजकूर आणि ओळीचा शेवट, सगळे आधी त्यातच जुळवायचे. लॉग फाइल ‘ओ_अपेंड’ लावून उघडलेली असावी. मग एकच ‘राइट’. ‘ओ_अपेंड’ असेल तर शेवटाला जाणे आणि लिहिणे या दोन गोष्टी कर्नल एकाच दमात करतो, त्यामुळे स्थानिक फाइलसिस्टिमवर ओळी एकमेकींत घुसत नाहीत. आपल्या कोडमध्ये म्युटेक्स लागतच नाही. बहुतेक प्रोग्रामना एवढे पुरते. रिंग बफर, वेगळा लॉगिंग थ्रेड, लॉक-फ्री रांगा यांच्यामागे लोक मोजमाप न करता धावतात, असे माझे मत आहे, आणि ते पुस्तकभर लपवलेले नाही.

या साध्या उपायालाही कडा आहेत. नेटवर्क फाइलसिस्टिमवर, म्हणजे एनएफएसवर, ‘ओ_अपेंड’ची हमी टिकत नाही, तिथे दोन यंत्रांनी एकाच फाइलमध्ये लिहिले तर ओळी एकमेकींवर चढू शकतात. लॉग पाइपमध्ये जात असेल तर अखंडतेची हमी ठरावीक मापापर्यंतच असते: पॉझिक्सप्रमाणे किमान ५१२ बाइट, लिनक्सवर ४०९६. पाइपच्या पलीकडचा वाचणारा मेला तर पहिल्याच ‘राइट’ला ‘सिगपाइप’ येऊन आपला प्रोग्रामही त्याच्यामागे जातो. आणि बफर स्टॅकवर आहे म्हणून तो फुकटचा समजू नये. मुसल लायब्ररीत थ्रेडचा स्टॅक मुळात १२८ केबी असतो. सिग्नलसाठी वेगळा स्टॅक देताना कोणी जुन्या किमान मापाचा, म्हणजे २०४८ बाइटचा दिला असेल, तर ४०९६ चा बफर तिथे मावणारच नाही.

बफर भरण्याची जागाही निसरडी. इथे ‘व्हीएसएनप्रिंटएफ’ वापरतात आणि ते योग्यच आहे, पण ते परत काय देते हे नीट पाहिले जात नाही. ते लिहिलेले बाइट मोजत नाही. जागा पुरली असती तर किती लिहिले असते ते सांगते. बफर ५१२ चा आणि मजकूर ७०० चा असेल तर उत्तर ७०० येते. तोच आकडा लांबी म्हणून ‘राइट’ला दिला, की बफरच्या पुढचे १८८ बाइट, म्हणजे स्टॅकवर त्या वेळी जे काही पडले असेल ते, फाइलमध्ये जाते. त्यात नुकताच तपासलेला पासवर्डही असू शकतो. प्रोग्राम कोसळत नाही, कोणी तक्रार करत नाही, आणि लॉग दहा जणांच्या हाती जातो.

मराठी वाचकाच्या कामाची आणखी एक गोष्ट इथे येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पुणे’ हा शब्द मात्रा-उकारांसह बारा बाइटांचा. लॉगमध्ये ग्राहकाचे नाव किंवा फाइलचे नाव देवनागरीत येत असेल, तर बफर भरल्यावर मजकूर तुटतो तो अक्षराच्या मधोमध तुटण्याचीच शक्यता जास्त. पुढे लॉग वाचणारी साधने अशी ओळ अवैध म्हणून टाकून देतात, कधी पुढचीही गिळतात. मजकूर कापताना दोन बाइट मागे सरून अक्षराचा आरंभ शोधणारा कोड पाच-सहा ओळींचा आहे. तो पुस्तकात दिला आहे.

वेळेवर मी एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे, कारण ओपनएसएसएच तिथेच घसरले. ‘लोकलटाइम’ऐवजी ‘लोकलटाइम_आर’ वापरले की स्टॅटिक बफरचा प्रश्न मिटतो, पण ग्लिबसीत ते टाइमझोनचे एक सामाईक लॉक घेतेच. ‘जीएमटाइम_आर’सुद्धा घेते. त्यावर मार्ग असा, की ‘क्लॉक_गेटटाइम’कडून सेकंद घ्यायचे आणि तारीख स्वतः भागाकाराने काढायची, त्याला ना फाइल लागते, ना लॉक. लॉग यूटीसीत ठेवला तर उत्तमच. भारतीय वेळच हवी असा हट्ट असेल, तर आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढेमागे होत नाही, तेव्हा १९,८०० सेकंद मिळवले की झाले. आणखी एक: थ्रेडने वेळ घेतली आणि लिहिण्याआधी कर्नलने त्याला बाजूला ठेवले, तर त्याची ओळ उशिरा पडते आणि फाइलमध्ये वेळा मागेपुढे दिसतात. कोणी याला बग म्हणतात. मी म्हणत नाही. घटना कधी घडली ते वेळ सांगते, कधी लिहिली गेली ते ओळीची जागा सांगते, आणि दोन्ही माहिती उपयोगी आहे.

‘एरनो’बद्दल थोडक्यात. तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण लॉगिंग फंक्शनने आतल्या आत ‘एरनो’ बदलला, तर बोलावणाऱ्याला पुढच्या ओळीत चुकीचे कारण दिसते. आत शिरताच तो जपून ठेवावा, बाहेर पडताना परत लावावा. ‘स्ट्रएरर_आर’ची दोन रूपे आहेत: पॉझिक्सचे रूप आकडा परत करते, जीएनयूचे मजकुराचा पॉइंटर. जीएनयूचे रूप आपण दिलेल्या बफरला हात लावेलच असे नाही, त्यामुळे परत आलेली किंमत न पाहणाऱ्याच्या लॉगमध्ये त्रुटीच्या जागी रिकामा किंवा भलताच मजकूर येतो.

फॉरमॅट स्ट्रिंगचा धोका थ्रेडशी थेट निगडित नाही, तरी तो गाळणे मला बरे वाटले नाही. बाहेरून आलेला मजकूर तसाच ‘सिसलॉग’ला फॉरमॅट म्हणून देण्याच्या चुकीने २००० साली लिनक्सवरचे ‘आरपीसी.स्टॅटडी’ उघडे पडले, आणि जानेवारी २००१ मध्ये पसरलेल्या ‘रॅमेन’ वर्मने रेड हॅटच्या यंत्रांत घुसायला ती वाट वापरली. आज जीसीसी आणि क्लँगला फंक्शनवर एक ॲट्रिब्यूट लावून सांगता येते, की हे ‘प्रिंटएफ’सारखे आहे, तपासून पाहा. ते न लावलेले लॉगिंग फंक्शन मी परीक्षणात पुढे जाऊ देत नाही.

मग लॉक कधी लागतो? एकाच ‘राइट’मध्ये न मावणारे काम असेल तेव्हा: फाइल फिरवायची आहे, दोन ठिकाणी लिहायचे आहे, आकार मोजायचा आहे. फाइल फिरवण्यापुरते म्हणाल तर त्यातूनही सुटका आहे. नवी फाइल उघडून ‘डुप२’ने जुन्याच क्रमांकावर बसवली, की कर्नल अदलाबदल एका झटक्यात करतो आणि लिहिणाऱ्या थ्रेडना पत्ताही लागत नाही. लॉक घ्यावाच लागला, तर तो हातात असताना ‘राइट’ करणे म्हणजे डिस्कच्या वेगाशी सगळे थ्रेड बांधणे. शिवाय ‘राइट’ ही थ्रेड रद्द होण्याची अधिकृत जागा आहे. ‘पीथ्रेड_कॅन्सल’ तिथे लागू झाले तर थ्रेड लॉकसकट जातो आणि उरलेले सगळे ताटकळतात. तेवढ्यापुरते रद्द होणे बंद ठेवावे लागते. ‘फोर्क’चा प्रकार याच जातीचा: मुलाकडे एकच थ्रेड जातो, पण लॉकची स्थिती जशीच्या तशी जाते. दुसऱ्या थ्रेडने त्या वेळी लॉगचा लॉक धरला असेल, तर मुलाच्या जगात तो सोडणारा कोणीच नाही. ‘फोर्क’ आणि ‘एक्झेक’ यांच्यामध्ये लॉग करायचाच असेल तर हाताने आकडे लिहून थेट ‘राइट’. तिथे ‘एसएनप्रिंटएफ’सुद्धा नको, कारण सिग्नलमध्ये चालणाऱ्या फंक्शनांच्या पॉझिक्सच्या यादीत ते नाही.

लिहिणे स्वतंत्र थ्रेडवर सोपवण्याला माझा सरसकट विरोध नाही. लिनक्सच्या ‘प्रिंटके’चा इतिहास वाचला तर तशी गरज कशी पडते ते कळते. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडने चालतो, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. शंभर अक्षरांची ओळ बाहेर पडायला सुमारे नऊ मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसर अडकलेला. आणि एकाने कन्सोल धरला की बाकीच्यांच्या ओळीही त्यालाच छापाव्या लागत. शिवाय बफरवर एक स्पिनलॉक होता. तो धरलेला असताना त्याच प्रोसेसरवर न अडवता येणारा इंटरप्ट, म्हणजे एनएमआय आला आणि त्यानेही छापायला घेतले, तर ओपनएसएसएचचीच गोष्ट कर्नलच्या तळाशी घडली असती. म्हणून मग तशा ओळी बाजूच्या बफरमध्ये ठेवण्याची ठिगळे आली. जॉन ओग्नेस यांचा लॉकशिवायचा रिंग बफर डिसेंबर २०२० मध्ये लिनक्स ५.१० मध्ये आला. कन्सोलला स्वतंत्र थ्रेड मिळायला आणखी चार वर्षे गेली. सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नलबाहेर चाललेले रिअल-टाइम लिनक्सचे काम २०२४ मध्ये ६.१२ मध्ये पुरे झाले, तेव्हा अखेरपर्यंत अडून बसलेल्या गोष्टींत ‘प्रिंटके’ होते.

थ्रेडवर सोपवण्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रोग्राम कोसळला की रांगेतल्या शेवटच्या ओळी जातात, आणि शोध घेताना नेमक्या त्याच हव्या असतात. रांग भरली तर थांबायचे की टाकून द्यायचे, हेही आधी ठरवावे लागते. मी टाकून देण्याच्या बाजूचा, पण मोजून: कर्नल जसा ‘इतके संदेश गळाले’ असे छापतो, तसे. न सांगता गाळणारा लॉग वाचणाऱ्याला खोटे सांगतो.

आणि एक प्रसंग प्रत्येक सिस्टिम प्रोग्रामरच्या वाट्याला येतो: लॉग घातला की बग पळतो, काढला की परत येतो. यात जादू नाही. लॉगचा लॉक थ्रेडना ओळीने उभे करतो, त्यामुळे त्यांच्यातली रेस झाकली जाते. थ्रेड-सॅनिटायझरही फसतो, एकाने लॉक सोडला आणि दुसऱ्याने घेतला, म्हणजे दोघांत क्रम आहे असे तो मानतो आणि खरी रेस दाखवत नाही. लॉक न घेणाऱ्या लॉगिंग फंक्शनच्या बाजूने मला वाटणारे हे सर्वांत बळकट कारण आहे. वेगाचा मुद्दा मी त्याच्या मागे ठेवतो.

पुस्तकातली उदाहरणे सी११ मध्ये आहेत आणि लिनक्सवर, ग्लिबसी व मुसल या दोन्हींसह चालवून पाहिली आहेत. विंडोज इथे नाही. सी++ ची लॉगिंग लायब्ररी कशी निवडावी, यावरही इथे काही मिळणार नाही. वाचकाला पॉइंटर, प्रोसेस आणि म्युटेक्स माहीत आहेत असे धरले आहे. सिग्नल मात्र पहिल्यापासून समजावला आहे, कारण तो शिकवण्याच्या ओघात बहुधा सुटतो. घाई असेल त्यांनी तेच प्रकरण आधी वाचावे. म्युटेक्सचे नंतर वाचले तरी चालेल.